कॉम्प्रेशन आधी, कौतुक मग

जुन्या आउटबोर्ड मोटरीचं वय विचारू नये, तिनं कुठलं पाणी प्यायलंय ते विचारावं. होडीच्या मागच्या फळीवर टांगलेलं हे मशीन ज्या पाण्यात चालतं, तेच पाणी आत खेचून थंड राहतं. उदाहरणार्थ, कल्याणला नदी उल्हास असली तरी भरती तिथवर चढते. पावसाळ्यात गढूळ गोडं पाणी, एरवी मचूळ. ते सिलिंडरभोवतीच्या बारीक वाटांतून फिरतं आणि जाताना थोडं मीठ, थोडा गाळ मागे ठेवतं. त्यामुळे रोज चालून वर्षानुवर्षं गोड्या पाण्यानं धुतलेली मोटर एखाद वेळी ठणठणीत निघते. खाडीतून काढून तशीच गोठ्यात टाकलेली, दिसायला नवी मोटर मात्र आतून गेलेली असते.

अमेरिकेतल्या मिलवॉकीत ओल एव्हिनरूडनं १९०९ साली दीड अश्वशक्तीची आउटबोर्ड विकायला काढली. तिचा सांगाडा पुढं फारसा बदलला नाही: वर इंजिन, त्यातून सरळ खाली जाणारा दांडा, तळाशी काटकोनात वळवणारे गिअर आणि पंखा. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या टू-स्ट्रोक मोटरीत लपवण्यासारखं फार काही नसतं, म्हणूनच तपासणी घरच्या घरी होते. फक्त क्रम चुकवू नये. बहुतेक जण आधी कार्बोरेटर उघडतात. कार्बोरेटर साफ होतो, प्लग नवा मिळतो, ठिणगीचे पॉइंट घासून गॅप लावता येते. या गोष्टींवरून निर्णय होतच नाही.

निर्णय होतो तो कॉम्प्रेशनवर. प्लग काढून त्या जागी गेज लावायचा आणि दोरी जोरात ओढायची. दोन सिलिंडर असतील तर आकडा किती आला यापेक्षा दोघांत फरक किती, हे महत्त्वाचं. तो दहा टक्क्यांच्या आत असावा. एक बाजू फारच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ओढावं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत असं समजावं.

पण टू-स्ट्रोकमध्ये एवढ्यावर हुरळून जाता येत नाही. यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये दाबलं जातं आणि मग वर येतं. क्रँकचं ऑइल सील कडक होऊन फाटलं, तर तिथून फालतू हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन जास्त तापतो आणि शेवटी जाम होतो. गेजवर मात्र सगळं छान दिसतं. रबराच्या एका कड्यापायी अख्खं इंजिन बसतं.

नंतर खालचा गिअर. तळाचा स्क्रू सैल करून तेल वाटीत घ्यावं. काळं निघालं तर ठीक. ताकासारखं पांढरट निघालं तर सीलमधून पाणी आत गेलंय, आणि मचूळ पाण्यात बेअरिंगा गंजायला फार दिवस लागत नाहीत.

माझ्या मते सगळ्यात मोठा शत्रू झीज नव्हेच, तो बोल्ट आहे. आउटबोर्डचं आवरण ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचे, मध्ये खारं पाणी: झाली बॅटरी तयार. यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याचा पांढरा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो आणि पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसावं तसा बोल्ट आवळून धरतो. पान्याला जोर दिला की बोल्ट फिरत नाही, डोकं तुटतं. म्हणून जाणता मेकॅनिक हेड उघडताना भोवतालचं ॲल्युमिनियम तापवतो. पोलादापेक्षा ते जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे बोल्टभोवतीचं भोक किंचित मोकळं होतं. दोन-तीन बोल्ट आत तुटून बसले की पुढचा खर्च मोटरीच्या किमतीला गाठतो. मी तिथंच हात टेकतो.

त्यातून सुटे भाग. एव्हिनरूड आउटबोर्डचं उत्पादन २०२० मध्ये कंपनीनं बंद केलं. पाणी खेचणारा इम्पेलर, पॉइंट, सील यांना पर्याय सापडतात. क्रँक आणि गिअर यांच्यासाठी तसलीच दुसरी मेलेली मोटर शोधावी लागते.

काम काय आहे, हेही पाहावं. जुलै २०१९ मध्ये वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तसल्या बचावाच्या बोटीला पहिल्या ओढीला सुरू होणारंच इंजिन हवं, तिथं जुन्याचं प्रेम कामाचं नाही. रोज जाळी टाकणाऱ्यानंही पेट्रोलचा हिशेब करावा. कार्बोरेटरवाली जुनी टू-स्ट्रोक पाव हिश्श्यापर्यंत इंधन न जाळताच खाडीत सोडते. पैसाही जातो आणि पाणीही नासतं. निव्वळ हौस असेल तर गोष्ट वेगळी. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका आणली आहे, तिचं इंजिन सुरू होतं का हे कोणी विचारत नाही.

विकत घ्यायला गेलात आणि मालकानं 'आवाज तर ऐका' म्हणत मशीन जमिनीवरच चालू केलं, तर त्याला थांबवावं. इम्पेलर रबराचा असतो, पाण्यावाचून फिरला की काही क्षणांत जळू लागतो. गोड्या पाण्याचं पिंप मागावं आणि मागच्या भोकातून पाण्याची धार येते का ते बघावं. पिंप येण्याआधीच आवाज ऐकवून झाला असेल, तर नव्या इम्पेलरची किंमत भावातून वजा करायची.