तीन-पाच थरांची कातडी

लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि अंगाला चिकटून बसलेले आखूड केस. अशा कुत्र्याच्या पाठीवरचे केस दोन बोटांनी बाजूला सारून कातडी बघा. माणसाच्या कातडीच्या वरच्या आवरणात पेशींचे साधारण दहा ते पंधरा थर असतात, कुत्र्याच्या कातडीत अवघे तीन ते पाच. काट्याकुट्यांतून वाऱ्यासारखं पळणारं हे जनावर एवढ्या पातळ आवरणानिशी पळतं, याचं मला फार नवल वाटतं.

ही कातडी आपली निगा आपणच राखते. केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. ते तेल केसांवर पसरतं आणि कातडीतली ओल आत धरून ठेवतं. आपल्यासारखा अंगभर घामही कुत्र्याला येत नाही. तो धापा टाकून अंग गार करतो, घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. त्यामुळे आखूड केसांच्या निरोगी कुत्र्याला महिन्याकाठी एक आंघोळसुद्धा पुष्कळ झाली. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला ही केवढी सोय!

आता साबणाचं बघू. माती परीक्षणामुळे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) हा शब्द शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. माणसाच्या कातडीचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. कुत्र्याचा जातीनुसार बदलतो, पण बहुधा सातच्या जवळ. अंगाला लावायचा साधा साबण मात्र नऊ-दहाचा. तो कुत्र्याच्या अंगावरचं राखणीचं तेलच धुऊन नेतो.

त्यात नांदेड-लातूरकडचं बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळतं, फेस मरतो आणि न विरघळणारी पांढरट साय तयार होते. बादलीच्या कडेला जमते तीच. कुत्र्याच्या केसांत ती बसली की कितीही पाणी ओता, पुरती निघत नाही, मग खाज सुटते. कुत्र्यांच्या सौम्य शाम्पूत साबण नसतो, वेगळी फेसद्रव्यं असतात. कॅल्शियमशी त्यांची अशी साय बनत नाही, म्हणून तो जड पाण्यातही धुतला जातो. बाटलीवर ‘कुत्र्यांसाठी’ असं लिहिलेलं असावं आणि वास मंद असावा. आपल्याला छान वाटणारा सुगंध त्याच्या नाकाला सोसवत नाही.

रिठा घरचा आहे म्हणून निर्धोक समजू नका. डोळ्यांत गेला तर आग करतो, पोटात गेला तर उलटी होते. आणि अंगाला लावलेलं सगळं कुत्रा चाटतोच, ही गोष्ट कधीच विसरायची नाही.

खरा घात होतो तो गोचिडांच्या वेळी. कुणी रॉकेल चोळतं, कुणी फिनाईल, कुणी गाई-म्हशींवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने कालवून ओततं. त्या पातळ कातडीतून आणि जिभेवरून हे विष अंगात भिनतं. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात, कुत्रा दगावूही शकतो. गोचिडांमुळे कुत्र्याला रक्ताचे गंभीर आजार होतात, तेव्हा उपचार हवाच, पण त्याच्या वजनाप्रमाणे मोजून दिलेला. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे. गोचीड दिसली की औषधाच्या डब्याला हात घालण्याआधी कुत्र्याला तिथे दाखवा.