‘एहा’ साहेबांचे नाव मोठे की काम मोठे?

वाचकहो, भाईंदरच्या मिठागरांचे नाव तुम्ही ऐकले असेल. इंग्रजी अमदानीत मिठावर कर होता आणि चोरून मीठ जाऊ नये म्हणून सरकारी शिपायांचा पहारा असे. त्या जकात व मीठ खात्यातला एक अंमलदार निसर्गाचा जाणकार म्हणून गाजला. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे त्याचे नाव. जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून तो ‘एहा’ या नावाने लिही.

उंदीर, कावळे, मुंग्या, बेडूक यांच्यावरची त्याची गमतीदार पुस्तके साहेबलोकांनी आवडीने वाचली. लौकिक झाला तो त्यांमुळे. पण शास्त्रात त्याने काय भर घातली?

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत निसर्ग इतिहास संस्था निघाली. एहा तिचा पहिला चिटणीस. मात्र संस्थापक आठ होते आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. म्हणून हे श्रेय वाटूनच द्यावे लागेल.

पुढे गोव्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर मिठाचे शिपाई हिवतापाने बेजार झाले. त्याची पाहणी एहाने केली. तेथे सापडलेल्या डासाच्या नव्या जातीला त्याचे नाव मिळाले. पण गंमत अशी, की हा रानातला डास हिवताप पसरवणाऱ्या मुख्य डासांपैकी नाही! नाव मिळाले म्हणजे रोगाचे मूळ सापडले असे नव्हे.

त्याचे खरे काम कारवारकडचे. डेव्हिडसन व बेल या सोबत्यांबरोबर त्याने फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या. कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते, कोष कसा करते, हे पाहून लिहून ठेवले. ते टिपण संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. पुस्तकांइतका त्याचा गाजावाजा झाला नाही, तरी शास्त्राच्या दृष्टीने मोल त्याचेच अधिक.

म्हणजे एहा थोर शास्त्रज्ञ नव्हता, पण नुसता गमत्याही नव्हता. नोकरी सांभाळून त्याने डोळे उघडे ठेवले.

शेतकरी बंधुभगिनींनो, हे तर तुम्हालाही जमेल. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर चिरडण्याआधी एक पाला घालून बरणीत ठेवा. मुलांना रोज पाहू द्या, तारीख घालून वहीत लिहू द्या. अळीची ओळख पटली, की तिचा बंदोबस्तही नेमका करता येतो.