पेपर स्प्रे पडलेलं कार्पेट: रेट सांगण्याआधी हे वाचा

क्लीनिंगचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्याला ऑफिसमधून फोन आला. कुणाच्या तरी पर्समधला पेपर स्प्रे चुकून दाबला गेलाय, कार्पेटवर नारिंगी डाग पडलाय, आजच्या आज या. यानं नेहमीचा स्क्वेअर फुटाचा रेट सांगितला आणि मुलगा पाठवला. मुलानं थेट स्टीम मशीन लावलं. थोड्याच वेळात सगळं ऑफिस खोकत बाहेर! मुलाचे डोळे सुजले आणि पैसेही बुडाले.

चुकलं कुठे? नाव 'पेपर' असलं तरी यात मिरी नसते, मिरचीचा तेलकट अर्क असतो. त्यातलं आग करणारं कॅप्सायसिन तेलात विरघळतं, नुसत्या पाण्यात जवळजवळ नाहीच. घरी ठेचा केल्यावर हात पाण्यानं कितीही धुवा, आग होतेच ना? तेच इथं. आणि वाफ दिली की ते हवेत उडतं. फोडणीत मिरची करपली की शेजारीसुद्धा शिंकतो, तसं.

म्हणून आधी एसी बंद, खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेनं. अंगात फुल बाह्या, हातात नायट्राइल ग्लोव्ह्ज, डोळ्यांना बाजूनं बंद असलेला गॉगल, तोंडाला चांगला रेस्पिरेटर. रुमाल बांधून हे काम होत नाही. साधा व्हॅक्यूम नको, बारीक कण मागच्या हवेतून परत खोलीत येतात. थंड पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका, आधी कोपऱ्यात रंग जातो का बघा. मग पांढऱ्या कपड्यानं डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. घासायचं नाही! घडी बदलत राहा. साध्या थंड पाण्यानं टिपा आणि हे सगळं दोन-तीनदा करा. ब्लीचला हात लावू नका.

काही स्प्रेमध्ये वेगळा रंग मिसळलेला असतो. तिथं आग जाते, डाग राहतो. हे ग्राहकाला काम सुरू करण्याआधीच व्हॉट्सॲपवर लिहून द्या, नंतर सांगितलं की ती सबब वाटते. खालच्या फोमपर्यंत मुरलं असेल तर तेवढा तुकडा बदलायला सांगा, काम गेलं तरी चालेल.

रेट फोनवर देऊ नका. जागा बघा, दुसरी फेरी आणि फेकून द्यायचे ग्लोव्ह्ज-कपडे धरूनच आकडा सांगा. आणि मुलगा कॉन्टॅक्ट लेन्स लावत असेल तर त्या दिवशी चष्मा घालून यायला सांगा.