पोट सारखं बिघडतं? ताटात शोधा, पण उपाशी राहू नका



येळवस झाली की आपल्या धाराशिव-लातूरकडं एक गोष्ट दिसते. भज्जी, आंबील, उंडे सगळ्यांनीच खाल्लेले असतात, पण घरातली एखादीच दुसऱ्या दिवशी पोट धरून बसते. एखाद्या दिवसाचं असेल तर सोडून द्या. पण काहीजणींचं हे महिनोन्‌महिने चालतं. पोटात कळ येते, परसाकडं जाऊन आलं की बरं वाटतं. कधी पातळ होतं, तर कधी चार-चार दिवस खडा. तपासण्यांत काही सापडत नाही, मग घरचे म्हणतात, हिला सोंगं सुचतात. हे सोंग नाही. डॉक्टर याला आयबीएस म्हणतात. यातून कॅन्सर होत नाही, पण रोजचं जगणं अवघड होतं.

होतं काय? कांदा, लसूण, गहू, हरभरा, तूर, दूध यांत काही साखरा असतात. त्या लहान आतड्यात पूर्ण शोषल्या जात नाहीत. पुढं मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा गॅस करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएस असलेल्या बाईचं आतडं हळवं असतं, म्हणून तेवढ्याच गॅसनं तिला कळ येते. भज्जीत तर डाळी आणि शेंगा एकत्रच येतात.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं यावर आहाराची एक पद्धत बसवली आहे. २ ते ६ आठवडे असे पदार्थ कमी करायचे. बरं वाटलं की एकेक पदार्थ थोडा थोडा परत खाऊन बघायचा. जो बाधतो तेवढाच कमी ठेवायचा, बाकीचे ताटात परत आणायचे. सगळंच कायमचं सोडायचं नाही. आपल्यात आधीच रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ, त्यात डाळही सुटली तर अंगात त्राण राहायचं नाही.

आपल्या चुलीवर हे जमतं. ज्वारीची भाकरी गव्हाच्या चपातीपेक्षा पोटाला सोपी जाते. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग घ्या. लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्रास देणारी साखर तेलात उतरत नाही, वास मात्र राहतो. डाळ, कडधान्य भिजवून ते पाणी ओतून द्या आणि अर्धी वाटीच वाढून घ्या. दूध बाधत असेल तर खव्याचा पेढाही जपून खा, मग तो कुंथलगिरीचा का असेना. आंबा, सीताफळ बाधलं तर संत्रं, पपई खाऊन बघा. तिखट आणि उपाशीपोटी चहा कमी करा. खडा होत असेल तर इसबगोल भरपूर पाण्यातून घ्या.

बचत गटाची वही ठेवतो तशी पोटाची वही ठेवा. काय खाल्लं, कळ कधी आली, पाळी कधी होती, हे दोन ओळींत लिहा. पाळीत त्रास वाढतो, तेव्हा दोष उगाच भाकरीला जायला नको. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं, अवेळी जेवणं आणि अंधार पडेपर्यंत परसाकडं दाबून धरणं, यानंही पोट बिघडतं.

काही खुणा मात्र आयबीएसच्या नाहीत. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रक्त कमी होणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर वही बाजूला ठेवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. या वयात पोट सारखं फुगत असेल तर अंडाशयाचीही तपासणी लागते. गहू बंद करण्याआधी गव्हाच्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची तपासणी डॉक्टरांना विचारा. गहू सोडल्यावर ती तपासणी फसू शकते.

परसाकडचं बोलायला लाज वाटते, म्हणून बायका वर्षानुवर्षं सोसतात. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हा विषय काढा. एकजण बोलली की दुसरीही बोलेल.