वजन मुलाचं, सवयी घराच्या

गुबगुबीत नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडे बघून पेण-रोह्याच्या घरांतूनही दोन वाक्यं हमखास निघतात. आजी म्हणते, "बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल." काका म्हणतो, "तोंडावर ताबाच नाही त्याचा." आजीचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरत नाही. काकाचं तर मुलावर अन्याय करणारं आहे.

2016 साली वेगवेगळ्या देशांतले दीर्घकाळ चाललेले अभ्यास एकत्र करून तपासले गेले. लठ्ठ मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं किशोरवयातही लठ्ठ राहिली होती, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे 80 टक्के मोठेपणीही. उंचीची मदत होते हे मात्र खरं. वाढत्या मुलाचं वजन उतरवावंच लागतं असं नाही, ते काही काळ आहे तिथे थोपवलं तरी वाढती उंची त्याला गाठते. पण थोपवायचं कोणी? इथेच काकाची चूक होते.

इस्रायलमध्ये मोरिया गोलन यांनी 6 ते 11 वर्षांच्या 60 लठ्ठ मुलांवर केलेला प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना स्वतः वर्गाला बसवून खाण्यापिण्याचे धडे दिले. उरलेल्या मुलांना बोलावलंच नाही, फक्त त्यांच्या आईवडिलांना शिकवलं. ज्या गटात मुलं वर्गाला आलीच नाहीत, त्यांचा लठ्ठपणा जास्त कमी झाला. मला हा निष्कर्ष सगळ्यांत मोलाचा वाटतो. घरात काय आणायचं, जेवण किती वाजता, जेवताना टीव्ही चालू की बंद, रात्री झोपायचं कधी, हे नऊ वर्षांचं मूल ठरवत नाही. फरसाणचा डबा हाताशी ठेवून त्याला ‘ताबा ठेव’ म्हणणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं आहे.

अर्थात आईबापांनाही दोष देऊन चालणार नाही. रोह्याला धाटावच्या कारखान्यांत शिफ्ट असते, पेण-हमरापूरला गणपतीच्या आधीचे महिने मूर्तींचं काम रात्र-रात्र चालतं. अशा घरात संध्याकाळी पाच रुपयांचं पुडकं हातात देणं हा आळस नसतो, सोय असते. म्हणून उपायही सोयीचाच हवा. सकाळीच उकडून ठेवलेले चणे किंवा शेंगा, नाहीतर एखादं केळं, मुलाला स्वतः घेता येईल अशा जागी ठेवावं.

चिडवल्याने, टोमणे मारल्याने मूल सुधारतं, हा समज सगळ्यांत जास्त नुकसान करतो. वजनावरून हिणवलेली मुलं खेळाच्या तासाला मागे राहू लागतात, लपून खातात, आणि अभ्यास सांगतात की त्यांचं वजन पुढे आणखी वाढण्याची शक्यता असते. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" हेही उलटंच शिकवतं: भाजी ही शिक्षा, चॉकलेट हे बक्षीस. नवी भाजी आवडायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते. दोनदा नाकारली म्हणून ताटातून काढू नये, आणि जबरदस्तीने भरवूही नये.

भात बंद करा, असा सल्ला आता आपल्याकडेही मिळू लागला आहे. भातावर वाढलेल्या मुलखात हा सल्ला टिकत नाही आणि त्याची गरजही नाही. भाताचा ढीग आणि वर दोन चमचे पातळ आमटी, हे ताट बिघडलेलं आहे. तोच भात कमी आणि सोबत वाल, चवळी, मासळी, भाजी जास्त, हे ताट चांगलं. भातकापणीनंतर त्याच शेताच्या ओलीवर वाल करणाऱ्या भागाला प्रथिनांसाठी डब्यातली पावडर विकत आणायची गरज नाही. धोका पेयांत अधिक आहे. 300 मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे, आणि त्याने पोट भरल्यासारखंही वाटत नाही.

लठ्ठपणा हा श्रीमंतांच्या मुलांचा प्रश्न, असंही बोललं जातं. पेण-रोहा तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत आणि तिथे कुपोषणाचं दुखणं जुनं आहे. 2016 ते 2018च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाची 24 टक्के मुलं वयाच्या मानाने बारीक आढळली, तर सुमारे 5 टक्के मुलांचं वजन जास्त होतं. पण ही दोन टोकं एकमेकांशी जोडलेली आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2003 साली दाखवलं की पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हडकुळं जन्मलेलं मूल पुढे झपाट्याने वजन वाढवू लागलं, तर मधुमेहाचा धोका त्याला अधिक.

‘थायरॉइड असेल’ ही शंका क्वचितच खरी ठरते. जास्त खाऊन, कमी हलून वजन वाढलेलं मूल वयाच्या मानाने सहसा उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची खुंटलीये, असं दिसलं तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं.

आणि खेळ. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. कबड्डीच्या जिल्ह्यात ही अट अवघड वाटू नये, पण कोकणातला पाऊस चार महिने मैदानं चिखलात घालतो आणि उरलेल्या संध्याकाळी क्लास खातो. पडवीतल्या दोरीच्या उड्या, शाळेच्या सभागृहात सूर्यनमस्कार किंवा लेझीम यांची सोय जूनच्या आधीच ठरवावी लागते. झोपही यातच येते. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते, आणि ती कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते.

शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीपुढे पालक हतबल असतात, असं मानण्याचं कारण नाही. चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला केंद्राच्या 2020च्या नियमांनी बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यांनी हा विषय बैठकीत लेखी मांडावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं की मुलाची उंचीही लिहून घ्यावी आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून बघावी.