वेदनेची वेगळी वाट

तापलेल्या तव्याचा चटका बसला की आधी सुईसारखी कळ येते आणि क्षणभराने आग सुरू होते. या दोन्ही संवेदना वेगवेगळ्या चेतातंतूंतून येतात. कळ आणणाऱ्या तंतूंवर पातळ वेष्टन असते, त्यामुळे त्यांचा संदेश झटपट पोहोचतो. आगीच्या तंतूंना वेष्टन नसते; त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने सरकतो.

आज हे पाठ्यपुस्तकात आहे. १९६०च्या दशकात मात्र वेदनेसाठी खास तंतू असतात की नाही, यावरच शास्त्रज्ञांत वाद होता. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्येच अशा तंतूंच्या टोकांना ‘नोसिसेप्टर’ हे नाव दिले होते. पण नाव होते, शंका फिटेल असा पुरावा नव्हता. अनेकांच्या मते स्पर्शाचेच तंतू जास्त जोराने चेतवले गेले की मेंदू त्याला वेदना समजतो.

अमेरिकेतील डॉक्टर आणि संशोधक एडवर्ड पर्ल यांनी हा प्रश्न चिकाटीने सोडवला. युटा विद्यापीठात पॉल बर्जेस यांच्यासह त्यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या एकेका तंतूतील विद्युत संदेश टिपले. कातडीवर ब्रश फिरवला, दाब दिला, तरी काही तंतू गप्पच राहिले. इजा होईल इतका जोराचा चिमटा काढला तेव्हाच ते बोलले. हा शोध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पॉल बेसू यांच्यासह पर्ल यांनी वेष्टन नसलेल्या तंतूंचीही अशीच तपासणी केली. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: एकदा भाजले की हे तंतू कमी उष्णतेलाही संदेश पाठवू लागतात. भाजलेल्या बोटाला कोमट पाणीही का झोंबते, ते यातून कळते.

मेंदूचा वाटा यामुळे नाकारला जात नाही. तंतूने संदेश पाठवला म्हणजे दुखलेच असे नाही. ठेच लागलेला अंगठा चोळला की बरे वाटते, ते मज्जारज्जूत संदेशांची काटछाट होते म्हणून.

पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात असताना, १९९१ मध्ये, जुन सातो यांच्यासह पर्ल यांनी सशाच्या कानावर केलेला प्रयोग रुग्णांच्या दृष्टीने फार मोलाचा ठरावा. चेतेला अर्धवट इजा झाल्यावर तिच्यातील वेदनेचे तंतू नॉरअॅड्रेनॅलिनला प्रतिसाद देऊ लागले. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे हेच रसायन. जखम भरली तरी ताण आला की आग होते, असे सांगणाऱ्या रुग्णाला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवण्याआधी डॉक्टरांनी हे आठवायला हवे.

पर्ल २०१४ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाचा पहिला पुरस्कार २००० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांना मिळाला होता, मिरचीचा तिखटपणा आणि उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीच्या शोधासाठी. याच कामासाठी २०२१ मध्ये ज्युलियस नोबेलचे मानकरी झाले. पर्ल यांनी ज्यांचे संदेश टिपले, त्यातल्या अनेक तंतूंच्या टोकांवर हाच ग्राही असतो.