पोटातला पट्टा : ऑपरेशनआधी समजून घ्या

मोझरीच्या वस्तीत शुगर-बीपी तपासायला बसलो की आजकाल एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोटाले पट्टा बांधला की वजन उतरते म्हणते, खरं हाय का?" हा पट्टा कमरेला बांधायचा नव्हे. तो ऑपरेशन करून पोटाच्या आत बसवतात.

त्याचे नाव गॅस्ट्रिक बँड. दुर्बिणीतून जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनची कडी बसवतात. कडीच्या वर छोटीशी पिशवी तयार होते. ती चार घासांत भरते, अन्न खाली हळूहळू सरकते, म्हणून भूक लवकर भागते. कडीला नळी असते आणि नळीच्या टोकाला कातडीखाली एक डबी. डबीत सुईने सलाइन भरले की कडी आवळते, काढले की सैल होते. जठर कापावे लागत नाही आणि कडी काढता येते, म्हणून ती खूप चालली. अमेरिकेत तिला २००१ मध्ये परवानगी मिळाली.

मग आता डॉक्टर ती फारशी का सुचवत नाहीत? कारण कडी घसरते, काहींच्या जठरात रुतते, नळी गळते, डबीजवळ पू होतो. अनेकांना पुन्हा ऑपरेशन करावे लागले. कडी काढली की वजन बहुधा परत चढते. आता जास्त करून बायपास किंवा स्लीव्ह करतात. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात. २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेल्या इजिप्तच्या इमान अहमद टीव्हीवर सगळ्यांनी पाहिल्या. त्यांचेही स्लीव्हच झाले होते. कापलेला भाग परत जोडता येत नाही. सही करण्याआधी हे नीट ऐकून घ्या.

आम्हाला मोठी अडचण दिसते ती नंतरची. कडी थोडी थोडी आवळत न्यावी लागते, त्यासाठी दवाखान्याच्या फेऱ्या. मोझरीहून अमरावती नाही तर नागपूर. दर खेपेला रोजी बुडते, सोबत येणाऱ्याचीही. ऑपरेशनचा आकडा सांगणारे हा खर्च सांगत नाहीत. कोरडी भाकर किंवा मटणाचा तुकडा नीट न चावता गिळला तर अडकतो आणि उलटी होते. साखरेचा चहा, त्यात बुडवलेले बिस्कीट मात्र सरळ खाली उतरते. चहावर दिवस काढणाऱ्या बाईला कडी काय कामाची!

आणि थोडे अंग सुटले म्हणून हे ऑपरेशन नसते. आपल्याकडे साधारण हिशेब असा धरत आले : पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ८७ किलोच्या वर, किंवा शुगर-बीपीसारखा आजार असेल तर ७५ च्या वर, तेही आहार-व्यायाम करून उतरत नसेल तर. आता काही डॉक्टर याहून कमी वजनालाही सुचवतात. थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या. डागिने गहाण टाकण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या, सरकारी योजनेत बसते का ते आरोग्यमित्राला विचारा, आणि कडी बिघडली तर काढण्याचा खर्च कुणाचा, हेही विचारा.

जिच्या पोटात आधीच कडी आहे तिने अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. जठराला जखम होते. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगावे, कडी सैल करता येते. पाणीही पोटात ठरत नसेल, पोटात जोराची कळ येत असेल किंवा डबीजवळची जागा लाल होऊन दुखत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा आणि पोटात कडी आहे हे पहिल्यांदा सांगा.